औषध ‘कशावरचे’ आहे, हे नेमके कोण ठरवते?

माहीमची_लेक

गेल्या रविवारी आईच्या औषधांचा डबा आवरायला घेतला आणि त्यातून एक प्रश्न उभा राहिला, तो येथे मांडते. आई ७४ वर्षांची आहे. रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉईड हे तिचे जुने सोबती; त्यात दोन महिन्यांपूर्वी पाठीवर नागीण उठली. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण त्या पट्ट्यातली आग काही थांबलेली नाही. पदराचा काठ लागला तरी ती कळवळते.

डबा पत्र्याचा आहे, पूर्वी त्यात बिस्किटे येत असत. आत कात्रीने कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, कुणाची तारीख कापली गेलेली, कुणाचे अर्धे नाव. मी झाकणाच्या छोट्या पिशव्या आणल्या आणि त्यांवर ‘बीपी’, ‘साखर’, ‘थायरॉईड’, ‘पित्त’, ‘दुखणे’ असे लिहून गोळ्या लावत गेले. एक पट्टी मात्र कुठेच बसेना. चिठ्ठीशी ताडून पाहिले तेव्हा कळले की ती अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम आहे, रोज रात्री एक, त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली. भाचीने फोनवर शोधले आणि मोठ्याने वाचले, “नैराश्यावरील औषध.”

आईने ते ऐकले. “मला वेड लागलेले नाही,” एवढेच म्हणाली आणि त्या रात्रीपासून तिने ती गोळी बंद केली. तिसऱ्या रात्री ती दोन वाजेपर्यंत खिडकीशी बसून होती. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एखादे औषध अमुक आजारावरचे आहे असा शिक्का त्यावर कोण आणि कशाच्या आधारे मारते? नैराश्याचे म्हणून नोंदलेले औषध नागिणीच्या आगीसाठी देणे योग्य असते का? आणि त्या पिशवीवर मी काय लिहू?

सरिता_मुलुंड

ताई, अगदी हाच प्रसंग आमच्याकडे झाला. वडिलांना मधुमेहामुळे तळपायांची आग होत असे, त्यासाठी प्रिगॅबालिन दिले होते. पट्टीसोबतच्या कागदावर फिट येण्याच्या आजाराचा उल्लेख होता, आणि मला फिट येते असे डॉक्टरांना वाटले का, या विचाराने ते दोन दिवस अस्वस्थ होते. डॉक्टरांना फोन केल्यावर उलगडा झाला. आईंना आधी एवढेच सांगा की ही गोळी त्यांच्या पाठीसाठी दिलेली आहे. आणि आजच त्या डॉक्टरांशी बोलून घ्या, मनाने बंद किंवा सुरू करू नका.

परळ_ओपीडी

मी एका सार्वजनिक रुग्णालयात औषधवैद्यक विभागात काम करतो. आपल्या आईंना तपासलेले नसल्यामुळे त्यांच्या उपचाराबद्दल बोलणार नाही, पण प्रश्नाच्या सर्वसाधारण भागाचे उत्तर देता येईल.

अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरील औषध म्हणूनच प्रथम वापरात आले आणि आजही बहुतेक याद्यांत ते त्याच शीर्षकाखाली सापडते. हे औषध मज्जापेशींच्या सांध्यात सिरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही दोन रसायने अधिक काळ टिकवून ठेवते. मेंदूकडून खाली मज्जारज्जूत उतरणारे आणि वेदनेचा संदेश दाबून धरणारे जे मार्ग आहेत, तेही याच रसायनांवर चालतात. नागीण ज्या मज्जातंतूवर उठते तो तंतू फोड सुकल्यानंतरही चुकीचे संदेश पाठवत राहतो, म्हणून साध्या वेदनाशामकाने ती आग शमत नाही आणि अशा औषधाचा उपयोग होतो. ही अडनिडी युक्ती नव्हे. मज्जातंतूंच्या वेदनेवरील पहिल्या फळीतल्या औषधांमध्ये त्याची गणना होते. अर्धशिशीचा झटका वारंवार येऊ नये म्हणूनही ते देतात.

मात्रेतील फरक पाहावा. नैराश्यासाठी दिवसाला साधारणपणे ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत जावे लागते, तर वेदनेसाठी १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात होते आणि पुष्कळांचे थोड्यावरच भागते. आईंची मात्रा १० आहे, यावरूनही डॉक्टरांचा हेतू ओळखता येतो. वय ७४ असल्याने सकाळची गुंगी, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, लघवी अडणे आणि रात्री उठताना तोल जाणे, याकडे मात्र लक्ष हवे, आणि यातले काही दिसले तर ते डॉक्टरांना सांगायला हवे. गुण दिसायलाही एकदोन आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत ‘उपयोग नाही’ असा निकाल देऊ नये.

गिरगावचे_औषधदुकान

नमस्कार. आमचे दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे, मी तिथे एकतीस वर्षे बसतो आहे. शिक्का कोण मारते, याचे उत्तर मी दुकानाच्या बाजूने देतो, कारण माझ्या दृष्टीने शिक्का एक नाही, निदान चार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिला शिक्का रसायनाचा. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम यांची घडण एका जातीची, म्हणून त्यांना बेन्झोडायझेपिन म्हणायचे. दुसरा कार्यपद्धतीचा. अ‍ॅम्लोडिपिन पेशींतले कॅल्शियमचे मार्ग अडवते, म्हणून ते त्या गटात. तिसरा उपयोगाचा, म्हणजे रक्तदाबावरचे, मधुमेहावरचे, जंतुसंसर्गावरचे. गिऱ्हाईक याच भाषेत बोलते. चौथा कायद्याचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. त्यांतील परिशिष्ट ‘एच’मधली औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ‘एच १’ हा भाग २०१४ च्या मार्चपासून लागू झाला. त्यातल्या औषधांसाठी डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. परिशिष्ट ‘एक्स’मधल्या औषधांना चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते.

या चौथ्या शिक्क्याचा उपयोगाशी संबंध नाही, जोखमीशी आहे. ‘एच १’च्या वहीत क्षयाचे औषध, झोपेची गोळी आणि भारी प्रतिजैविक एकाखाली एक लिहिलेली असतात. आजार तीन, वही एक. पट्टीवर लाल रेघ पाहून “ही कडक गोळी आहे का?” असे पुष्कळजण विचारतात. त्या रेघेचा अर्थ एवढाच की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचे आहे.

आणि दुकानातल्या फळ्या? त्या यांपैकी कशावरही लागत नाहीत. आमच्याकडे नावाच्या पहिल्या अक्षराने लागतात. प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक बाजारात गेलात तर कंपनीच्या नावाने मांडलेला मालही दिसेल.

आकडेमोड

उपयोगाच्या शिक्क्याचे म्हणाल तर त्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिला एटीसी म्हणतात, म्हणजे शरीराचा भाग, उपचार आणि रसायन या तिन्ही अंगांनी केलेले वर्गीकरण. नॉर्वेत १९७० च्या दशकात ती घडली, आणि ओस्लो येथील जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र १९८२ पासून ती सांभाळते. मी रुग्णालयांच्या खरेदीची आकडेवारी पाहतो, त्यामुळे हे संकेतांक माझ्या रोजच्या हाताखालचे आहेत.

सर्व औषधे प्रथम १४ मुख्य गटांत विभागली जातात आणि प्रत्येक गटाला एक रोमन अक्षर मिळते. पचनसंस्था व चयापचय ‘ए’, रक्त ‘बी’, हृदय व रक्तवाहिन्या ‘सी’, त्वचा ‘डी’, मज्जासंस्था ‘एन’, श्वसनसंस्था ‘आर’, असे. त्याखाली आणखी चार पायऱ्या. मेटफॉर्मिनचा संकेतांक ‘ए१०बीए०२’ आहे. ‘ए’ म्हणजे पचन व चयापचय, ‘ए१०’ म्हणजे मधुमेहावरील औषधे, ‘ए१०बी’ म्हणजे इन्सुलिन सोडून रक्तशर्करा उतरवणारी, ‘ए१०बीए’ म्हणजे बायग्वानाइड जातीची आणि शेवटचा ‘०२’ म्हणजे स्वतः मेटफॉर्मिन. वरच्या पायऱ्यांवर उपयोग, खाली रसायन.

ही पद्धत औषधाचा मुख्य उपयोग पाहते आणि शक्यतो एकच जागा देते. औषधाची शक्ती किंवा देण्याचा मार्ग बदलून उपयोगच वेगळा होत असेल, तरच दुसरी जागा मिळते. अ‍ॅस्पिरिन वेदनाशामक म्हणून ‘एन’मध्ये आहे आणि रक्ताच्या गुठळ्या रोखणारे म्हणून ‘बी’मध्येही आहे. फिनास्टेराइड पुरःस्थ ग्रंथीसाठी (प्रोस्टेट) ५ मिलिग्रॅम देतात तेव्हा ‘जी’ म्हणजे मूत्र व जननसंस्था, टक्कल पडू नये म्हणून १ मिलिग्रॅम देतात तेव्हा ‘डी’. अमिट्रिप्टिलिनला मात्र एकच जागा आहे, ‘एन०६एए०९’, आणि ‘एन०६ए’ म्हणजे नैराश्यावरील औषधे. आपल्या भाचीने जे वाचले त्याचे मूळ अशा नोंदींतच असते. ती नोंद खोटी नाही, पण ती आपल्या आईंना पाहून केलेली नाही.

जागा बदलतातसुद्धा. सरिताताईंनी उल्लेखलेले प्रिगॅबालिन आणि त्याचे भावंड गॅबापेन्टिन वर्षानुवर्षे फिटच्या आजाराच्या घरात होते. जगभर त्यांचा वापर मुख्यतः मज्जातंतूंच्या वेदनेसाठी होऊ लागला, म्हणून अलीकडे त्यांना वेदनाशामकांच्या घरात हलवले गेले. गोळी तीच राहिली.

उंबरठा

मग अशा वर्गीकरणाचा रुग्णाला फायदा तरी काय? माझे स्पष्ट मत आहे की सामान्य माणसाने या फंदात पडूच नये. चिठ्ठीवर लिहिले आहे ते, लिहिलेल्या वेळी घ्यावे. माहीमच्या ताईंच्या घरी गोंधळ झाला तो अर्धवट माहितीमुळे झाला. भाचीने फोन उघडला नसता तर आजी आज शांत झोपल्या असत्या.

माहीमची_लेक

@उंबरठा, आपला मुद्दा मी मनाला लावून घेतला, कारण त्या रात्री माझ्याही मनात तेच आले होते. पण आईला डॉक्टरांनी ‘रात्री एक’ एवढेच सांगितले होते, कशासाठी ते सांगितले नव्हते. ती जागा रिकामी होती, म्हणून फोनवरचे वाक्य तिथे जाऊन बसले.

वांद्रे_पूर्व

उंबरठा यांच्याशी मी असहमत आहे, आणि त्यामागे आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे.

सासऱ्यांना संधिवात आहे, वयोमानाने झिजणाऱ्या गुडघ्यांचा नव्हे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठते तो. त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू झाले, आठवड्यातून एकदा, दर सोमवारी. घरात जशी पद्धत असते तशी मीच पिशवीवर ‘सांधेदुखी’ असे लिहिले आणि त्याच पिशवीत आधीची वेदनाशामक गोळीही ठेवली. दुखले की त्या पिशवीतले घ्यायचे, ही त्यांची समजूत. पुढच्या आठवड्यात त्यांनी मेथोट्रेक्सेट सलग पाच दिवस घेतले.

सहाव्या दिवशी तोंडात फोड आले. भात गिळता येईना, वरणाचे पाणीही झोंबू लागले. आम्हाला ते तिखटाने आले असे वाटले. दुसऱ्या दिवशी ताप चढला, रुग्णालयात नेले, तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या उतरलेल्या होत्या. ते औषध मोठ्या मात्रेत कर्करोगावर वापरतात आणि लहान मात्रेत, आठवड्यातून एकदाच, संधिवातावर व सोरायसिसवर देतात, हे मला तिथल्या निवासी डॉक्टरांनी रात्री अकरा वाजता बाकावर शेजारी बसून समजावले. नऊ दिवसांनी ते घरी आले.

चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ स्पष्ट लिहिलेले होते. चूक माझ्या पिशवीची होती. ‘सांधेदुखी’ या एका शब्दाखाली मी दोन औषधे ठेवली, त्यातले एक दुखणे तात्पुरते दाबते आणि दुसरे आजाराच्या मुळाशी प्रतिकारशक्तीला आवरते. उपयोगाने लावायचेच असेल तर उपयोग नीट कळलेला हवा. आता त्या पट्टीवर लाल शाईने ‘फक्त सोमवार’ असे लिहिलेले आहे आणि ती वेगळ्या कप्प्यात असते.

परळ_ओपीडी

@वांद्रे_पूर्व, हे लिहिलेत याबद्दल आभार. मेथोट्रेक्सेट रोज घेतले जाण्याची चूक जगभर होते आणि तिच्यामुळे जीवही गेलेले आहेत. आमच्या वॉर्डातही आम्ही आता वार अक्षरांत लिहून घेतो आणि रुग्णाकडून तो परत म्हणवून घेतो.

ठाण्याचे_आजोबा

माझ्या अनुभवाने सांगतो, उपयोगाने लावूच नये. वेळेने लावावे. माझ्याकडे आठवड्याचा डबा आहे, सात ओळी आणि प्रत्येक ओळीत सकाळ, दुपार, रात्र असे तीन कप्पे. रविवारी सायंकाळी सून आणि मी मिळून तो भरतो. थायरॉईडची गोळी तेवढी बाहेर, उशाशी, कारण ती उठल्याबरोबर रिकाम्या पोटी घ्यायची. गोळी घेतली की नाही हे रिकामा कप्पा सांगतो, स्मरणशक्तीला त्रास द्यावा लागत नाही. वयाच्या ८१ व्या वर्षी मला ‘बीपी’ लिहिलेल्या पिशवीपेक्षा ‘मंगळवार रात्र’ लिहिलेला कप्पा अधिक उपयोगी आहे.

गिरगावचे_औषधदुकान

आजोबा, घ्यायला वेळेचा डबाच उत्तम. पण डॉक्टर बदलतात, रुग्णालयात दाखल व्हावे लागते, किंवा एखादी गोळी बाजारात मिळेनाशी होते, तेव्हा कप्पा काही सांगत नाही. परवा एक गृहस्थ आले, कागदावर ‘छोटी पांढरी, रात्रीची’ एवढेच लिहिले होते. माझ्या दुकानात छोट्या पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी आहेत. म्हणून डब्याबरोबर एक कागदही असावा. त्यावर मूळ नाव, मात्रा, वेळ आणि ‘कशासाठी’ हे चार रकाने हवेत. मूळ नाव म्हणजे कंपनीने दिलेले नव्हे, औषधाचे. २०१८ च्या नियमबदलानंतर बहुतेक पट्ट्यांवर ते कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या टाइपात छापावे लागते, त्यामुळे शोधायला कठीण जात नाही.

प्रत्ययार्थी

मूळ नावांचा विषय निघाला म्हणून थोडे विषयालगतचे सांगतो. मी भाषेचा विद्यार्थी आहे, पण आईच्या आजारपणात औषधांची नावे वाचता वाचता त्यांतले प्रत्यय दिसू लागले. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असेल तर ते रक्तदाब व हृदयासाठीचे, ‘स्टॅटिन’ बहुधा कोलेस्टेरॉलचे, ‘ग्लिप्टिन’ मधुमेहाचे, ‘सिलिन’ पेनिसिलिनच्या कुळातले प्रतिजैविक. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, प्रोप्रानोलोल यांतला ‘ओलोल’ही तसाच. हे योगायोगाने झालेले नाही. औषधांची आंतरराष्ट्रीय मूळ नावे ठरवताना कुळ ओळखता यावे म्हणून असे अवयव मुद्दाम योजले जातात. आपल्याकडे ‘वाडी’ किंवा ‘पूर’ पाहून गावाची जात कळते, तसेच हे आहे.

परळ_ओपीडी

@प्रत्ययार्थी, निरीक्षण उत्तम आहे, पण एक सावधगिरी जोडतो. प्रत्यय कुळ सांगतो, आजार सांगत नाही. आपण घेतलेलेच प्रोप्रानोलोल पाहा. ते रक्तदाबावर आहे, छातीतील कळेवर आहे, हात थरथरण्यावर आहे, अर्धशिशी टाळण्यासाठी आहे आणि थायरॉईड अतिसक्रिय झाल्यावर होणाऱ्या धडधडीवरही आहे. शिवाय कानाला फसगतही होते. पॅन्टोप्राझोल आणि ओमेप्राझोल जठरातील आम्ल कमी करतात, पण एरिपिप्राझोल हे तीव्र मानसिक आजारावरील औषध आहे. ‘प्राझोल’ ऐकून ते पित्ताच्या पिशवीत जाऊ नये.

वैद्य_शिवाजीपार्क

धागा पहिल्यापासून वाचला आणि एक संदर्भ आठवला, तो या चर्चेच्या गाभ्याशी जोडलेला असल्यामुळे देतो.

उपयोगावरून औषधांचे गट करणे ही आपल्याकडे फार जुनी रीत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय, म्हणजे औषधी द्रव्यांचे गट, सांगितले आहेत आणि प्रत्येकात दहा द्रव्ये आहेत. गटांची नावेच कार्यावरून पडलेली आहेत. भूक वाढवणारा तो दीपनीय, खोकला घालवणारा कासहर, धाप घालवणारा श्वासहर, ताप उतरवणारा ज्वरहर, कंठाला हितकर तो कण्ठ्य, कांती सुधारणारा वर्ण्य. पन्नास गुणिले दहा म्हणजे पाचशे द्रव्ये व्हायला हवीत. तिथे शिष्य अग्निवेश नेमकी शंका काढतो की ही पाचशे भरत नाहीत, कारण तीच ती द्रव्ये अनेक गटांत पुन्हा आली आहेत. ज्येष्ठमध कण्ठ्य गटातही आहे आणि वर्ण्य गटातही; पिंपळी दीपनीयातही आहे आणि कासहरातही.

आत्रेय गुरूंचे उत्तर असे की, बुद्धिमानाने अशी शंका घेऊ नये. एकच द्रव्य निरनिराळी कामे करीत असता निरनिराळी नावे मिळवते, जसा एकच माणूस अनेक कामे करण्यास समर्थ असतो आणि जे काम करीत असेल त्याप्रमाणे त्याला नाव मिळते.

माहीमच्या ताईंनी हा दृष्टान्त आईंना सांगून पाहावा. त्या पिढीला तो पटकन पोचतो. आईंची मूळ औषधे व नागिणीचा उपचार मात्र ज्यांनी सुरू केला त्यांच्याच सल्ल्याने चालू ठेवावा. त्यात मी काही सुचवत नाही.

उंबरठा

वैद्यबुवांचा दृष्टान्त आणि वांद्र्याच्या ताईंची हकिगत वाचून माझे मत मी दुरुस्त करतो. माणसाने स्वतः वर्गीकरण करू नये यावर मी ठाम आहे, पण औषध कशासाठी दिले हे त्याला सांगितले गेलेच पाहिजे.

कुर्ला_पावसाळी

मुंबईतले एक उदाहरण देतो. दर पावसाळ्यात महापालिका आवाहन करते की साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर लेप्टो या तापाचा धोका लक्षात घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे. ते औषध बहुधा डॉक्सिसायक्लिन असते. आमच्या चाळीत २०२१ साली दवाखान्यातून ते मिळाले, तेव्हा शेजारच्या मुलाने सांगितले, “ही तर माझी मुरुमांची गोळी आहे.” त्याचे खरेच होते, त्वचेच्या डॉक्टरांनी त्याला तीच दिली होती. काही भागांत प्रवास करताना मलेरिया टाळण्यासाठीही ती देतात. पण आमच्याकडे त्यापुढे झाले ते वाईट. उरलेल्या गोळ्या लोकांनी ‘तापाची गोळी’ म्हणून कपाटात ठेवल्या आणि पुढे महिनाभर कुणालाही कणकण आली की त्यातली एक काढून देऊ लागले.

परळ_ओपीडी

‘तापाची गोळी’ हा आपल्या घरांतला सर्वांत घातक गट आहे, असे मला वाटते. त्यात पॅरासिटामॉल असते आणि प्रतिजैविकही असते. पॅरासिटामॉल ताप उतरवते, प्रतिजैविक जंतूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबवते, आणि विषाणूच्या तापावर त्याचा काहीही उपयोग नसतो. प्रतिजैविकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये वेगळेच वर्गीकरण आणले. पहिल्या गटात सर्वत्र सहज उपलब्ध असावीत अशी, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन. दुसऱ्यात जपून, लक्ष ठेवून वापरायची. अ‍ॅझिथ्रोमायसिन, जे आपल्याकडे घसा खवखवला तरी मागितले जाते, ते या दुसऱ्या गटात आहे. तिसऱ्यात राखून ठेवलेली, जसे कोलिस्टिन. इतर सारे थकल्यावर ते काढायचे असते. मी अतिदक्षता विभागात कोलिस्टिन सुरू करण्याची टिप्पणी लिहितो तेव्हा, यापुढे हातात फारसे काही उरलेले नाही, ही जाणीव प्रत्येक वेळी होते. म्हणून कुर्ल्याच्या मित्राला विनंती आहे की त्या उरलेल्या गोळ्या वापरू देऊ नका.

आकडेमोड

सुरुवातीच्या प्रश्नातील ‘कोण ठरवते’ या भागाला एक पुरवणी. आपल्या देशाची अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये प्रथम झाली. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत आणि ती २७ उपचारवर्गांत मांडली आहेत. ही मांडणी कागदोपत्री राहत नाही, कारण या यादीतील औषधांच्या किमतींवर सरकार कमाल मर्यादा घालते. जागतिक आरोग्य संघटनेची अशी यादी १९७७ पासून निघते. तिच्यात अमिट्रिप्टिलिन दोन ठिकाणी आहे, एकदा नैराश्याच्या विभागात आणि एकदा वेदना व उपशामक उपचारांच्या विभागात. आईंच्या समाधानासाठी दुसरी नोंद दाखवता येईल.

माहीमची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते सांगते.

सोमवारी आईला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. पट्टी आणि चिठ्ठी पुढे ठेवली आणि इतके दिवस गोळी बंद होती हे लपवले नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी आईच्या पाठीवर जिथे आग होते तिथून बरगडीच्या कडेने पुढे पोटापर्यंत बोट फिरवून दाखवले आणि म्हणाले, “आजी, ही नस दुखावली आहे. ही गोळी या नसेला गप्प करते. मनाच्या आजाराला आम्ही याच्या दसपट देतो.” मग चिठ्ठीवर ‘रात्री एक’च्या पुढे त्यांनी स्वतः मराठीत लिहिले, ‘नागिणीच्या वेदनेसाठी’. सकाळी गुंगी वाटली किंवा लघवीला अडचण झाली तर लगेच कळवायचे, हेही सांगितले.

रिक्षात मी तिला वैद्यांनी दिलेला दृष्टान्त सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तुझे बाबा गिरणीत जॉबर होते, गल्लीत भजनी मंडळाचे बुवा होते आणि घरी माझे भांडण ऐकून घेणारे होते. माणूस एकच.” त्या रात्री तिने गोळी घेतली.

पिशव्या मी काढून टाकल्या. ठाण्याच्या आजोबांसारखा सात ओळींचा डबा आणला आणि गिरगावच्या काकांनी सांगितलेले चार रकाने एका कागदावर आखून तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. ‘कशासाठी’ हा रकाना आईने स्वतःच्या अक्षरात भरला आहे. पुढच्या वेळी पट्टी कापून घेणार नाही, पूर्ण घेणार. आता एकच शंका उरली आहे. तिच्या कागदावर अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आहे. तिने तिथे ‘रक्त पातळ करणारी’ असे लिहिले आहे. ते तसेच ठेवू का?

परळ_ओपीडी

बोलीत तसेच म्हणतात, पण रक्त पातळ होत नाही. रक्तातल्या चपट्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी असते. आईंना ‘गुठळी होऊ नये म्हणून’ असे लिहू द्या. दात काढायची वेळ आली किंवा कसलीही शस्त्रक्रिया ठरली, तर तो कागद आधी दाखवा.

माहीमची_लेक

लिहिले. तिने ‘पातळ’वर रेघ मारली आणि खाली नवे लिहिले.